फाइलीतली पहिली दोन अक्षरे

एक छोटासा प्रयोग करून बघा. कॉम्प्युटरवरची वर्डची कुठलीही नवी फाइल घ्या, म्हणजे जिच्या नावाच्या शेवटी डॉक्स-एक्स असतं ती. ती वर्डमध्ये न उघडता साध्या नोटपॅडमध्ये उघडा. पडदाभर चित्रविचित्र खुणा दिसतील, वाचता येण्यासारखं काही सापडणार नाही. पण अगदी सुरुवातीची दोन अक्षरं मात्र स्वच्छ दिसतील. इंग्रजी पी आणि इंग्रजी के. आता एक्सेलची फाइल उघडा, पॉवरपॉइंटची उघडा, लिबर-ऑफिसची ओडीटी उघडा, मोबाइलवरची एपीके उघडा. सगळीकडे सुरुवातीला तेच... पीके! (आमिर खानच्या २०१४ सालच्या सिनेमाशी याचा काहीएक संबंध नाही!)

ही दोन अक्षरं म्हणजे एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. फिलिप वॉल्टर कॅट्झ, म्हणजेच फिल कॅट्झ. झिप फाइल बनवणारा माणूस. १४ एप्रिल २००० रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी तो गेला. आज वर्ड नसलेल्या मोबाइलवरही आपण ऑफिसची कागदपत्रं ब्राउझरच्या ब्राउझरमध्ये बघू शकतो, त्याच्या मुळाशी या माणसाचं काम आहे. आपण रोज त्याची सही असलेल्या फाइली इकडून तिकडे पाठवतो, पण तो कोण होता हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून हा लेखप्रपंच!

प्रश्न साधा, पण रोजचा

आधी प्रश्न काय आहे तो समजून घेऊ. आपल्या राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवराच घ्या. नगरपरिषदेचं गाव. अशा गावात रोज किती कागद फिरतात? नोटिसा, टेंडरं, सभासदांच्या याद्या, दाखल्यांचे अर्ज, बचत गटांचे हिशोब. पूर्वी हे सगळं हाताने किंवा टाइपरायटरवर व्हायचं. आता ते वर्डमध्ये आणि एक्सेलमध्ये होतं आणि लोकांच्या मोबाइलवर येऊन पडतं. ज्याच्याकडे ते येतं त्याच्याकडे वर्ड असेलच असं नाही.

मग तो काय करतो? एक तर नवीन अ‍ॅप टाकतो. त्याला जागा हवी, डेटा हवा, कधी पैसेही हवेत. नाहीतर गूगलवर शोधून कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवर ती फाइल चढवतो आणि पीडीएफ करून घेतो. फुकटात काम झालं म्हणून खूश! पण त्या फाइलमध्ये जमिनीच्या उताऱ्याची, बँकेच्या खात्याची, जातीच्या दाखल्याची माहिती असेल तर ती कोणाच्या कॉम्प्युटरवर गेली, तिथे किती दिवस राहणार, हे कोण सांगणार?

तिसरा मार्ग असा, की ब्राउझरनेच ती फाइल उघडावी. बाहेरचं अ‍ॅप नको, अनोळखी सर्व्हर नको. फाइल आपल्याच मोबाइलमध्ये राहील आणि पानावर दिसेल. हे आज शक्य आहे. पण ते शक्य व्हायला दोन गोष्टी लागतात. फाइल आतून कशी बांधली आहे ते जगाला माहीत हवं आणि ती उकलण्याची कोणालाही मुभा हवी. या दोन्ही गोष्टींसाठी फिलची गोष्ट सांगायला हवी.

मिलवॉकीचा मुलगा

फिलचा जन्म ३ नोव्हेंबर १९६२ चा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी नावाचं कारखान्यांचं शहर आहे, तिथला. मुलगा अबोल, फारसा कोणात न मिसळणारा. वडील वॉल्टर यांना गणिताची आणि आकडेमोडीच्या यंत्रांची आवड. प्रोग्राम लिहिता येणारे कॅल्क्युलेटर तेव्हा नवीनच बाजारात आले होते. बापलेक त्यावर प्रोग्राम लिहायचे. त्या कॅल्क्युलेटरची मेमरी इतकी थोडी असायची, की प्रोग्राममधली एकेक पायरी वाचवावी लागे. कमी जागेत जास्त मावेल कसं, याचं वेड फिलला बहुतेक तिथेच लागलं असावं. तो कॉलेजात असतानाच वडील गेले. ज्याच्याशी त्याचं जमायचं ते माणूसच गेलं.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी इथल्या कॉलेजातून कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन तो अ‍ॅलन-ब्रॅडली कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागला. इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या मित्रांना हे नाव ओळखीचं असेल. पीएलसी बनवणारी हीच ती कंपनी. कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या पीएलसीसाठी फिल कोड लिहायचा. म्हणजे पुन्हा तेच, मेमरी कमी आणि काम वेळेत झालंच पाहिजे!

संध्याकाळी घरी आल्यावर त्याचं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. तेव्हा आजच्यासारखं इंटरनेट घरोघर नव्हतं. टेलिफोनला मोडेम लावून लोक बुलेटिन बोर्डला फोन करायचे आणि तिथून फाइली उतरवून घ्यायचे. स्पीड किती? २४०० बिट प्रति सेकंद म्हणजे चांगला स्पीड! एका बाइटला धरून-सोडून दहा बिट लागतात असा हिशोब केला तर सेकंदाला २४० बाइट. ३०० केबीची फाइल उतरायला सुमारे २१ मिनिटं. आणि तेवढा वेळ फोनचं मीटर चालू. फाइल निम्मी केली की बिलही निम्मं. त्यामुळे फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम म्हणजे सरळ सरळ पैशांची बचत होती.

कोर्टाची पायरी

त्या काळात असा एक प्रोग्राम फार चालायचा, त्याचं नाव आर्क. तो थॉम हेंडरसन यांच्या सिस्टिम एनहान्समेंट असोसिएट्स या छोट्या कंपनीचा होता. त्याचा सोर्स कोड बघायला मिळायचा. फिलने तो घेतला, त्यातले कळीचे भाग असेंब्ली भाषेत नव्याने लिहिले आणि पीकेआर्क नावाने आपला प्रोग्राम बाहेर काढला. तो मूळ आर्कपेक्षा कितीतरी वेगवान होता. १९८६ साली फिलने घरातूनच पीकेवेअर ही कंपनी सुरू केली, पुढे नोकरी सोडली. कामात आई हिल्डगार्ड यांचा हात होता. प्रोग्राम शेअरवेअर पद्धतीने जायचा. म्हणजे आधी वापरा, आवडला तर पैसे पाठवा. आणि लोक खरोखरच पाठवायचे!

पण ज्याच्या कोडवर हे उभं राहिलं होतं त्याचं काय? १९८८ साली हेंडरसन यांच्या कंपनीने फिलवर कॉपीराइट आणि ट्रेडमार्कच्या भंगाचा दावा लावला. इथे आपल्याला फिलची बाजू घ्यावीशी वाटते. तेव्हाच्या बुलेटिन बोर्डवरच्या मंडळींनीही ती जोरात घेतली. एकीकडे मोठी कंपनी, दुसरीकडे घरात बसून काम करणारा हुशार पोरगा असं चित्र रंगवलं गेलं. खरं तर दोन्ही कंपन्या लहानच होत्या. आणि तज्ज्ञाने दोन्ही कोड ताडून पाहिले तेव्हा फिलच्या कोडमध्ये मूळ आर्कचे भाग, कॉमेंटमधल्या स्पेलिंगच्या चुकांसकट, तसेच्या तसे आढळले. शेवटी त्याच वर्षी तडजोड झाली. फिलला पैसे मोजावे लागले आणि आर्कशी जुळणारे प्रोग्राम ठराविक मुदतीनंतर बंद करायचं कबूल करावं लागलं.

म्हणजे आपला नायक काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. दुसऱ्याचा कोड आणि दुसऱ्याचा फॉरमॅट घेऊन तो पुढे गेला आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली. पण या ठेचेनंतर त्याने जे केलं, त्यामुळे तो इतिहासात राहिला.

झिप : डबा आणि त्याचा नकाशा

आता आर्क वापरायचं नाही, तर स्वतःचं काहीतरी हवं. फिलने नवा फॉरमॅट बसवला. त्याला झिप हे नाव त्याच्या एका मित्राने सुचवलं. झिप म्हणजे झपकन जाणं. १९८९ साली पीकेझिप हा प्रोग्राम आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत, गॅरी कॉनवे यांच्या कंपनीसोबत, फिलने जाहीर केलं की झिप फाइलची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. तिच्यावर कोणाची मालकी नाही. प्रोग्राम त्याचा, पण फॉरमॅट सगळ्यांचा!

आणि नुसतं जाहीर करून तो थांबला नाही. फाइलीतला कितवा बाइट कशासाठी आहे, हे सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून त्याने प्रोग्रामसोबत दिलं. अ‍ॅपनोट म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्यावरून कोणीही, कुठल्याही कॉम्प्युटरवर, फिलला न विचारता झिप उघडणारा प्रोग्राम लिहू शकत होता. आणि लोकांनी ते धडाधड लिहिले.

या फाइलीची रचना बघण्यासारखी आहे. आपल्याकडचा पुडांचा डबा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पुड म्हणजे आतली एक फाइल. प्रत्येक पुडाच्या सुरुवातीला पीके ही खूण, मग फाइलचं नाव, आकार आणि नंतर दाबलेला मजकूर. सगळे पुड संपले की अगदी शेवटी एक यादी असते. कोणती फाइल डब्यात कितव्या बाइटपासून आहे, याची ती अनुक्रमणिका. त्या यादीतली प्रत्येक नोंदही पीके या खुणेनेच सुरू होते. यादी शेवटी असल्याचा फायदा असा, की एकच फाइल हवी असेल तर अख्खा डबा उपसावा लागत नाही. शेवटी जायचं, यादी वाचायची आणि नेमका हवा तो पुड उचलायचा.

देवळाली प्रवरा, चाळीस बाइट

फिलचं दुसरं मोठं काम म्हणजे दाबण्याची पद्धत. ती १९९३ साली पीकेझिप २.०४ मधून घरोघर पोचली. तिचं नाव डिफ्लेट. तिचा पाया दोन जुन्या कल्पनांवर आहे. एक डेव्हिड हफमन यांची १९५२ सालची आणि दुसरी अब्राहम लेम्पेल व जेकब झिव्ह यांची १९७७ सालची. फिलने त्या दोन्ही अशा काही जोडल्या की फाइल लहानही होते आणि झटपट उघडतेही.

हे आपल्या भाषेत समजून घेऊ. देवळाली प्रवरा हे दोन शब्द युनिकोडमध्ये लिहिले तर देवनागरीच्या १३ खुणा आणि मधली एक मोकळी जागा होते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. म्हणजे ३९ अधिक १, एकूण ४० बाइट. आता एखाद्या संस्थेची १००० सभासदांची यादी घ्या. गावाचं नाव प्रत्येक ओळीत पूर्ण लिहावंच लागतं, कारण नुसतं देवळाली लिहिलं तर नाशिकजवळच्या देवळालीशी गोंधळ! म्हणजे फक्त गावाच्या नावाचेच ४०,००० बाइट झाले.

डिफ्लेट काय करतं? पहिल्यांदा नाव पूर्ण ठेवतं. पुढच्या वेळी तेच आलं की नुसती खूण करतं, की इतके बाइट मागे जा आणि इतके उचल. मागे जाण्याची मर्यादा ३२,७६८ बाइटांची, एका वेळी उचलण्याची ३ ते २५८ बाइटांची. आपल्या वहीत वरच्यासारखंच म्हणून आपण जी खूण करतो ना, अगदी तसं. अशी खूण साधारण तीनेक बाइटांत बसते. मग हफमनची युक्ती येते. वारंवार येणाऱ्या गोष्टींना छोटे कोड, क्वचित येणाऱ्यांना मोठे. मराठीला याचा आणखी एक फायदा मिळतो. देवनागरीच्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. म्हणजे मराठी मजकुरात पुनरावृत्ती आपोआपच भरपूर असते, आणि डिफ्लेटचं पोट पुनरावृत्तीवरच भरतं!

त्याच सुमारास दाबण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीवरून पेटंटचा वाद पेटला होता. १९९४ च्या अखेरीपासून जिफ चित्रांमुळे अनेकांच्या डोक्याला ताप झाला. शोधकामाच्या एका पद्धतीसाठी फिलच्या नावावरही १९९१ सालचं पेटंट होतं. पण डिफ्लेटची गंमत अशी, की कोणाच्याही पेटंटला हात न लावता ते लिहिता येतं. जाँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी त्यावर जीझिप आणि झेडलिब असे फुकट प्रोग्राम लिहिले. १९९६ साली पीटर डॉइच यांनी डिफ्लेटचं नेमकं वर्णन आरएफसी १९५१ म्हणून इंटरनेटच्या मानकांच्या नोंदींत प्रसिद्ध केलं. पीएनजी चित्रांनी ती पद्धत घेतली. पीडीएफने घेतली. वेबसाइटवरून ब्राउझरकडे येणारी पानंही त्याच पद्धतीने दाबून येऊ लागली. म्हणजे ब्राउझरच्या पोटात फिलची पद्धत आधीच जाऊन बसली होती. पुढे काय होणार आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं!

यश आलं, माणूस हरवला

आता खरं तर फिलचे दिवस सुखाचे असायला हवे होते. कंपनीत पैसा येत होता. जगभर त्याच्या नावाची दोन अक्षरं लाखो कॉम्प्युटरवर होती. पण त्याला कंपनी चालवण्यात रस नव्हता, लोकांत मिसळणं जमत नव्हतं. कोड लिहिण्यात तो वाघ होता, कोडच्या बाहेर मात्र एकटा. त्यात दारूची सवय लागली आणि ती वाढत गेली. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तो पुन्हा पुन्हा पकडला गेला. ऑफिसात येणं कमी झालं. ज्या आईबरोबर कंपनी उभी केली तिच्याशीही फाटलं.

धंद्यातही जग पुढे सरकत होतं. लोक डॉस सोडून विंडोजकडे चालले होते. पीकेवेअर तिकडे वळायला उशीर करत होती. १९९१ साली आलेल्या विनझिपने ती जागा पटकावली. फॉरमॅट फिलचा, पण लोकांच्या तोंडी नाव विनझिपचं. फॉरमॅट खुला ठेवला की असंही होऊ शकतं. दुसरा कोणीतरी त्यावर पैसा कमावतो आणि त्याला अडवता येत नाही. फिलच्या खुलेपणाची ही किंमत होती, ती लपवून चालणार नाही.

शेवटची वर्षं तो मोटेलच्या खोल्यांमधून राहत होता. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका मोटेलच्या खोलीत तो मृत सापडला. दीर्घकाळच्या दारूमुळे झालेला स्वादुपिंडातला रक्तस्राव हे कारण. हातात रिकामी बाटली होती. जगातल्या फाइली सोप्या करून देणाऱ्या माणसाच्या खोलीत शेवटच्या क्षणी कोणीही नव्हतं.

मित्रांनो, यावर मोठं प्रवचन देण्याचा माझा हेतू नाही. पण आपल्या होस्टेलमध्येही असे हुशार, अबोल मित्र असतात. त्यांचे मार्क सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांनी आज जेवण केलं का हे कोणाला माहीत नसतं. फिलची गोष्ट वाचताना ते आठवले तरी पुरे.

मरणानंतरचं काम

फिल गेला तेव्हा वर्डची फाइल म्हणजे बंद पेटी होती. जुन्या डॉक फाइलची रचना मायक्रोसॉफ्टची स्वतःची. तिचं सविस्तर वर्णन सर्वांसाठी खुलं झालं २००८ साली. तोवर ती उकलायची तर वर्ड पाहिजे, नाहीतर अंदाजाने उलगडा करत बसा. त्या वेळी ब्राउझरमध्ये वर्डची फाइल दिसायची ती सुद्धा फसवी. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौकटीत दिसायची खरी, पण आतून वर्डच चालू झालेलं असायचं. कॉम्प्युटरवर वर्ड नसेल तर काहीच नाही.

मग चित्र बदललं. २००२ साली ओपनऑफिस १.० आलं. त्याच्या फाइली म्हणजे एक्सएमएल मजकूर, झिपच्या डब्यात भरलेला. त्यातूनच ओडीएफ हे खुलं मानक २००५ साली ठरलं. मायक्रोसॉफ्टनेही ऑफिस २००७ पासून तोच रस्ता धरला. डॉक्स-एक्स, एक्सएलएस-एक्स, पीपीटी-एक्स ही सगळी झिपचीच रूपं. विश्वास बसत नसेल तर फाइलच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि उघडा. आत वर्ड नावाचा फोल्डर दिसेल. त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल, तिच्यात तुमचा सगळा मजकूर. शेजारी स्टाइल्सची फाइल आणि चित्रांचा वेगळा फोल्डर. आपल्या केंद्र सरकारनेही २०१० साली ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. कागद नागरिकाचा असेल तर तो उघडायला विशिष्ट कंपनीचं सॉफ्टवेअर लागू नये, हाच त्यामागचा विचार.

आता ब्राउझरचं काम किती सोपं झालं बघा. जावास्क्रिप्टने फाइल बाइटांच्या रूपात घ्यायची. शेवटी जाऊन यादी वाचायची. डॉक्युमेंटचा पुड शोधायचा. डिफ्लेट उलटं करायचं. मिळालेलं एक्सएमएल वाचायचं आणि परिच्छेदाच्या जागी एचटीएमएलचा परिच्छेद, तक्त्याच्या जागी तक्ता, ठळक अक्षरांच्या जागी ठळक अक्षरं मांडायची. झालं! हे करणाऱ्या तयार लायब्ररी फुकट मिळतात. पीडीएफसाठी मोझिलाने २०११ साली जावास्क्रिप्टमध्ये पीडीएफ-जेएस सुरू केलं आणि २०१३ पासून ते फायरफॉक्समध्येच आलं. २०२३ पासून तर सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये डिफ्लेट उलगडण्याची सोय जावास्क्रिप्टला थेट मिळते. बाहेरचं काहीच नको. फाइल मोबाइलमधून हलतही नाही.

अर्थात यालाही मर्यादा आहेत. डॉक्स-एक्समध्ये मजकूर असतो, पण पान नेमकं कुठे संपतं हे पक्कं लिहिलेलं नसतं. ते उघडणारा प्रोग्राम ठरवतो. त्यामुळे वर्डमध्ये दोन पानांत बसलेला अर्ज ब्राउझरमध्ये थोडा वेगळा दिसू शकतो. सहीची जागा हलली तर पंचाईत! जिथे पानाची मांडणी काटेकोर हवी तिथे पीडीएफच बरी.

दुसरी अडचण खास आपली. कित्येक ऑफिसांत वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टायपिंग झालं. त्या फाइलींत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, फॉन्ट त्यांना नुसता मराठी वेश चढवतो. अशा फाइलचा डबा ब्राउझर बरोबर उघडेल, पण आतला मजकूर अगम्य दिसेल. युनिकोडमध्ये टाइप केलं तरच अक्षर हे अक्षर म्हणून फाइलमध्ये राहतं. इथे आपल्या मराठी माणसाचं ऋण मानायला हवं. सुलेखनकार आणि कवी प्रा. र. कृ. जोशी यांचा मंगल हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला. वेगळा फॉन्ट विकत न घेता मराठी दिसू लागली त्यात त्याचा मोठा वाटा. जोशी सर २००८ साली गेले. डबा फिलचा, पण त्यातली मराठी अक्षरं डोळ्यांना दिसायला जोशी सरांसारखी माणसं लागली.

आपण काय घ्यायचं?

फिल कॅट्झने जगातलं सर्वांत हुशार सॉफ्टवेअर लिहिलं का? तसं म्हणता येणार नाही. त्याच्या आधीही दाबण्याच्या पद्धती होत्या, नंतर त्याहून सरस आल्या. पीकेझिप हा प्रोग्राम आज फारसा कोणी वापरत नाही. टिकली ती रचना आणि ती समजावून सांगणारी टेक्स्ट फाइल. ती लिहिलेली होती आणि सगळ्यांना दिलेली होती, म्हणून तेरा वर्षांनी, वीस वर्षांनी, ज्यांनी फिलचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा लोकांनी त्यावर ओपनऑफिस उभारलं, वर्डने घर बदललं आणि ब्राउझर शहाणा झाला.

आपण दरवर्षी फायनल इयरचे प्रोजेक्ट करतो. व्हायवा संपला की कोड सीडीत नाहीतर पेन ड्राइव्हमध्ये आणि पेन ड्राइव्ह कपाटात. फाइलमध्ये कोणता आकडा कशासाठी साठवला आहे हे आपल्याशिवाय कोणालाच माहीत नसतं. सहा महिन्यांनी आपल्यालाही नसतं! पुढच्या बॅचला पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्यापेक्षा प्रोजेक्टसोबत दोन पानं लिहून ठेवायला काय हरकत आहे? डेटा कसा साठवला, का साठवला, कसा वाचायचा. साध्या मराठीत लिहिलं तरी चालेल. कोणाच्या गावच्या पतसंस्थेची, ग्रंथालयाची, दूध डेअरीची यादी तुमच्या प्रोग्राममध्ये असेल तर तुम्ही नोकरीसाठी पुण्याला गेल्यावरही ती उघडता आली पाहिजे. कागद त्या लोकांचा आहे, आपण फक्त डबा बनवला आहे.

फिल कॅट्झला आयुष्यात बरंच काही जमलं नाही. पण आपण बनवलेली वस्तू आपल्याला न विचारता कोणालाही उघडता यावी, एवढी व्यवस्था मात्र तो नीट करून गेला. इंजिनिअरसाठी ही काही छोटी गोष्ट नाही.